हाळाची विहीर

"चार कडक भाकरी, पुडीभर शेंगाचटणी, एक घोंगडी, एक काठी, एक लोटा." टेंभुर्णीकर मास्तरांनी यादी संपवली आणि चष्म्यावरून पोरांकडे पाहिलं. "लोटा एकच. दुसरा आणणाऱ्याला वाटेवरून परत पाठवीन."

शाळेच्या व्हरांड्यात बत्तीसांपैकी एकतीस पोरं मांडी घालून बसली होती. मंगळवार होता. बुधवारपासून शिमग्याची सुट्टी लागत होती आणि शनिवारी सकाळी बालवीर पथक देवगुड्डाच्या माळावर मुक्कामाला निघणार होतं. आदल्या उन्हाळ्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. तेव्हापासून पोरं चौकापर्यंत गेली तरी घरच्यांच्या जिवाला घोर लागे. ही एका रात्रीची परवानगी मिळवायला हेडमास्तरांनी एकेका पालकाला शाळेत बोलावून अक्षरशः हात जोडले होते. एकाही पोराला काही झालं तर पुन्हा कुणी उंबरठा ओलांडू देणार नाही, हे त्यांनी पोरांनाही बजावून सांगितलं होतं.

हिंदुरावाच्या दंडावर निळी फीत होती, कारण तो पथकाचा पाणीप्रमुख होता. वय तेरा, अंगानं किडकिडीत, पण एखादं काम अंगावर घेतलं की त्याला जेवणाची शुद्ध राहत नसे. आठ दिवस तो वहीत एकच हिशेब मांडत होता: बत्तीस पोरांना दिवसाला पाणी किती लागेल? उत्तर आलं होतं दोन पिंपं, आणि पिंपं न्यायला एक बैलगाडी. मास्तरांनी तो सगळा खटाटोप एका वाक्यात मोडीत काढला.

"गाडी कशाला? तुम्ही बालवीर आहात की वऱ्हाडी?"

पोरं खदखदली. मग मास्तरांनी आपला पाहणीचा कागद खिशातून काढला. रविवारी आपण स्वतः देवगुड्डाला पायी जाऊन आलो, पायाचे तुकडे पडले, असं सांगून त्यांनी तो ठणठणीत आवाजात वाचला. देवळासमोर मोठा वड, त्याच्या सावलीत तंबू. देवळामागे हाळाची विहीर, पायऱ्यांची, बारा महिने पाणी. तेव्हा प्रत्येकानं वाटेपुरतं लोटाभर पाणी घ्यावं म्हणजे झालं.

'हाळाची विहीर' हे शब्द ऐकले आणि हिंदुरावाच्या मनावरचं ओझं उतरलं. त्याचं गाव वेळापूर. शिकायला म्हणून तो सोलापुरात चुलत्याकडे राहायचा. त्याच्या गावी विहिरीशेजारी गुरांना पाणी प्यायला दगडी हौद बांधलेला असतो, त्याला म्हणतात हाळ. जिथं हाळ, तिथं गुरं. जिथं गुरं, तिथं पाणी गोड आणि भरपूर. त्यानं वहीत लिहिलंसुद्धा: घागरी हाळाजवळ मांडाव्यात.

---

संशयाची पहिली ठिणगी पडली ती साखर पेठेतल्या बोळात, तीही सुंदरम्मामुळे.

सुंदरम्मा हिंदुरावाच्या शेजारची, तेलगू विणकराची मुलगी; बापाला ती अय्या म्हणे. तिच्या घरात दोन हातमाग होते आणि पथकाचे तंबू तिच्याच घरच्या जाड कापडाचे होते. त्या तंबूंच्या कडा तीच शिवत होती, पण मुलगी म्हणून त्या तंबूत पाऊल ठेवायची तिला मुभा नव्हती. याचा तिला राग होता आणि तो ती लपवत नसे. संध्याकाळी हिंदुराव ओट्यावर बसून मास्तरांचं कौतुक सांगायला लागला, तशी तिची सुई थांबली.

"रविवारी? तुमचं मास्तर रविवारी देवगुड्डाला गेलं होतं?"

"पायी जाऊन आले."

"मग कुस्तीच्या फडात फेटा उडवत होतं ते कोण? माझ्या अय्यानं तितं पंचे विकायला मांडलं होतं. मी दिवसभर तितंच होते की. मास्तर सकाळपासनं बसलं होतं, शेवटची कुस्ती हुईपर्यंत. चार आण्याच्या शेंगा खाल्ल्या असतील त्यानी."

हिंदुरावाला आधी वाटलं, ही नेहमीसारखी चिडवते आहे. आपल्याला न्यायचं नाही म्हणून सहलीत खोडा घालते आहे, असाही एक वाईट विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण तिनं कुठला पैलवान कुठल्या डावावर चीत झाला तेही सांगितलं, आणि मास्तरांनी सोमवारी वर्गात तोच डाव तोंडात साखर घोळवावी तसा घोळवून सांगितला होता. हिंदुरावाचा चेहरा उतरला.

तेवढ्यात बिरप्पा आला. हा पथकातला तिसावा की एकतिसावा गडी, धनगराचा, अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा. त्याला दुपारपर्यंत बोर्डिंगात ताप होता म्हणून तो यादी ऐकायला नव्हता. हिंदुरावानं त्याला सगळं सांगितलं. देवळासमोर मोठा वड आहे, दगडी हौद बांधलेली चांगली विहीर आहे, गुरं पाणी पितात.

"दोण म्हण की," बिरप्पा म्हणाला. "पर वड? देवगुड्डाला वड कुठला आला? मी ल्हान असताना आमची मेंढरं त्याच अंगानं जायची. तितं बाभळ सुदिक सावलीला न्हाय."

"आणि विहीर?"

बिरप्पानं डोकं खाजवलं. विहीर त्यानं जवळून कधी पाहिलीच नव्हती. आजा मेंढरांना तिकडं फिरकू द्यायचा नाही, लांबून वळसा घालून न्यायचा. का, ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि सहा वर्षांच्या बिरप्पानं विचारलंही नव्हतं.

 आत मागाचा खटखटाट चालू होता. मास्तर गेलेच नसतील, तर मग कागदावरचं पाणी आलं कुठून? आणि तहानलेली मेंढरं पाण्याला वळसा घालून का जातील? हिंदुरावाला आपल्या दंडावरची फीत एकाएकी घट्ट वाटायला लागली.

---

बुधवारी सकाळी तो धीर करून मास्तरांच्या घरी गेला. मास्तर दाढी करत होते. विचारलं तेही किती आडून विचारलं! वाटेवरच्या कुंभारी गावापासून पुढची वाट गाडीची आहे की पायवाट, एवढंच.

मास्तरांचा वस्तरा हवेत राहिला. वाट आहे तशी आहे, चालायला लागलास की कळेल, असं ते म्हणाले. हिंदुराव तरी हलेना. देवळाचं तोंड कुठल्या दिशेला आहे म्हणजे तंबू मांडायला सोपं जाईल, असं त्यानं पुढं विचारलं. तेव्हा मास्तरांनी फेस पुसला आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"तू माझी परीक्षा घ्यायला आलास का रे? मी तुझा मास्तर आहे की तू माझा? आणखी एक प्रश्न, आणि ही फीत दुसऱ्याच्या दंडावर जाईल. कदाचित तुझं नावही यादीतून जाईल."

हिंदुराव परत आला तो मान खाली घालून. त्याला भीती वाटत होती, आणि दोन्हीकडून वाटत होती. बोललो आणि मास्तर खरे निघाले, तर सहल गेली. गप्प बसलो आणि मास्तर खोटे निघाले, तर रणरणत्या माळावर बत्तीस पोरं आणि प्रत्येकाच्या हातात रिकामा लोटा. ही गोष्ट हेडमास्तरांना जाऊन सांगावी, तर एका मास्तराच्या शब्दापुढं पोरांचा शब्द कोण धरणार? आणि पुरावा काय, तर कुस्तीच्या फडातल्या शेंगा.

"मग आपुन जाऊन बगू," सुंदरम्मा म्हणाली. "उद्या नरसय्यामामाची गाडी कुंभारीच्या बाजाराला लुगडी घेऊन जाती. माझ्या आईला मी सांगते, मामाला मदत करती म्हणून. ते खोटं बी न्हाय. जाताना मदत करीन."

---

गुरुवारी दिवस उगवायच्या आधी गाडी निघाली. हिंदुरावानं एक अट घातली होती: मास्तरांच्या नियमाप्रमाणं प्रत्येकी एकच लोटा पाणी. सुंदरम्मानं त्याला वेड्यात काढलं, पण तो ऐकेना. बत्तीस जणांना जे सोसायचंय ते आधी आपण सोसून बघू, असं त्याचं म्हणणं होतं. कुंभारीला पोचेपर्यंत तिघांचेही लोटे पालथे झाले होते, आणि तेही गाडीत बसून.

नरसय्यामामा बाजारात गुंतला. उन्हं कलायच्या आत परत यायचं, असा त्याचा दम घेऊन तिघं दीड कोस चालत निघाली. दोन्ही बाजूंना काढलेल्या ज्वारीची धसकटं आणि पुढं नुसता माळ. बिरप्पा पुढं, कारण चालायची सवय त्याला. सुंदरम्माचं तोंड सुरुवातीला चालू होतं, मग तेही बंद झालं. घसा कोरडा पडला की भांडायलासुद्धा उत्साह राहत नाही.

देवगुड्ड म्हणजे एक बुटकी टेकडी आणि तिच्या पायथ्याशी काळ्या दगडाचं देऊळ. वड नव्हता. वडाची फांदीही नव्हती.

"आणि कुणीतरी आपल्या मागं हाय," बिरप्पा हलक्या आवाजात म्हणाला. "वळून बगू नगा. म्हातारी हाय. मगापासनं बांधाच्या कडंनं येतीय. आपुन थांबलो की थांबती."

सुंदरम्मानं अर्थातच वळून पाहिलं. हातात लांब काठी घेतलेली एक वाळकी म्हातारी बांधावर उभी होती आणि डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडेच बघत होती. एक पाय ओढत चालत होती, पण चालत होती झपाझप. सुंदरम्मानं गुपचूप एक धोंडा उचलून ओच्यात घेतला. इथं काहीतरी लपवलेलं असणार आणि ही राखण करणार, असं तिचं मत पडलं.

देवळाला वळसा घातला आणि विहीर दिसली. चांगली बांधीव, रुंद पायऱ्यांची. तळाशी पाणी होतं, हिरवट पण स्वच्छ, आणि त्या उन्हात नुसतं बघूनच गार वाटावं असं. हिंदुरावाचा जीव पाण्यावर पडला. पण पहिली पायरी उतरण्याआधी त्याची नजर सवयीनं आजूबाजूला फिरली आणि तो थबकला.

"हाळ कुठाय?"

विहिरीभोवती तो एक फेरी मारून आला. हौद नव्हता. फुटका नव्हता, बुजलेला नव्हता, त्याच्या दगडाची खूणही नव्हती. हाळाच्या विहिरीला हाळच नाही, हे कसं? बिरप्पा जमीन न्याहाळत लांबपर्यंत गेला आणि तिथूनच त्यानं सांगितलं की मेंढरांच्या लेंड्या आहेत, पण त्या सगळ्या पलीकडच्या वाटेवर. विहिरीच्या बाजूला एका खुराचा ठसा नाही. सुंदरम्मा पायऱ्यांशी वाकली होती.

"पायऱ्या कोरड्या ठाक हायत. वरच्या पायरीला कोळ्याचं जाळं हाय. हितं कोण उतरतच न्हाय, हिंदू."

हे सगळं हिंदुरावानं ऐकलं. समजलंही. पण तहान ही अशी गोष्ट आहे की ती शहाण्या माणसाचीही अक्कल काही वेळ बाजूला ठेवते. एक ओंजळ घेऊन चव तर बघू, पाणीप्रमुखानंच चव बघायची नाही तर कुणी, असं स्वतःला समजावत तो भराभर खाली उतरला आणि शेवटच्या पायरीवर उकिडवा बसला.

तेवढ्यात वर काठी आपटल्याचा आवाज झाला. म्हातारी विहिरीच्या काठावर आली होती आणि हात हलवून ओरडत होती.

"हाळु बावि! तम्मा, हाळु बावि! नीर कुडीब्याड!"

हिंदुरावानं वर पाहिलं. बावि म्हणजे विहीर, एवढं सोलापुरात राहून त्याला ठाऊक होतं. हाळ तर त्याच्या घरचाच शब्द. म्हातारी सांगते आहे, ही हाळाची विहीर आहे. म्हणजे मास्तर खरे होते! त्याला इतका आनंद झाला की त्यानं मान डोलावली, "व्हय आजी, हाळाचीच," असं ओरडून सांगितलं आणि पाण्यात दोन्ही हात घातले. ओंजळ भरली. ओठांपर्यंत आली.

"टाक ते पाणी! हिंदू, टाक!"

बिरप्पा माळावरून धावत सुटला होता. हिंदुरावानं त्याला असं धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या बोटांतून पाणी आपोआप गळून गेलं.

बिरप्पा धापा टाकत पायऱ्यांवर बसला आणि मग त्याच्या तोंडून शब्द फुटले. "हाळु म्हंजे दोण न्हवं. आमच्यात हाळु म्हंजे बाद झालेलं, नासलेलं. हाळु बावि म्हंजे टाकलेली इहीर. ती म्हणतीय, पाणी पिऊ नगंस."

"पाडु बावि," सुंदरम्मा वरून म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आमच्या तेलगूत पाडु बावि म्हणतात. पाडु बावीचं पाणी कोण पीत न्हाय."

म्हातारीचं नाव चंद्रव्वा. ती खाली बसली, लुगडं जरा वर सरकवलं आणि आपली पोटरी दाखवली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत काळे व्रण होते आणि पाय एका बाजूला आखडला होता. तिनं एकच शब्द उच्चारला. त्याला कुणी अर्थ सांगायची गरज पडली नाही.

"नारू."

 वेळापूरला हिंदुरावाचा थोरला भाऊ आप्पा दोन पावसाळे खाटेवर होता. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून पांढऱ्या सुतासारखा किडा डोकं काढतो. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर, रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून भोपळा होतो. आप्पा रात्रंदिवस विव्हळायचा आणि हिंदुराव त्याच्या उशाशी बसून वारा घालायचा. वाईट म्हणजे, पाणी प्यालेल्या माणसाला त्या दिवशी काही होत नाही. वर्ष जातं, मग नारू निघतो. शनिवारी बत्तीस पोरं हसतखेळत इथलं पाणी प्यायली असती, सहल छान झाली म्हणून घरी गेली असती, आणि पुढच्या शिमग्याला एकेक जण अंथरुणाला खिळला असता. पाण्यात घातलेले दोन्ही हात हिंदुरावानं धोतराला पुसले, पुन्हा पुसले.

चंद्रव्वा सांगत गेली आणि बिरप्पा मराठीत सांगत गेला. वस्तीवरच्या सात घरांत नारू झाला. शहरातून डॉक्टर आला, त्यानं सांगितलं की पायऱ्यांनी उतरून पाण्यात पाय बुडतात त्या विहिरीनंच हे होतं. मग लोकांनी पलीकडं रहाटाची नवी विहीर खणली, अर्ध्या मैलावर, आणि ही टाकली. पायऱ्यांवर काट्या टाकल्या होत्या, त्या वाटसरूंनी चुलीला नेल्या. तिचा मुलगा धुळाप्पा मेंढरांमागं दहा कोस जायचा, आता दारातून ओसरीपर्यंत जातो. तेव्हापासून ही रोज सकाळी इथं येऊन बसते आणि तहानलेल्याला हाकलते. लोक तिला वेडी म्हणतात.

सुंदरम्मानं ओच्यातला धोंडा हळूच मागं टाकून दिला. तिला मनापासून लाज वाटली.

रहाटाच्या विहिरीवर तिघं पोटभर पाणी प्यायली. ते गोड होतं. आणि तिथं, बिरप्पानं बोट दाखवलं तशी, एक छान दगडी दोण होती.

---

परतीच्या वाटेवर हिंदुराव म्हणत होता, सरळ हेडमास्तरांकडं जाऊ. सुंदरम्मानं मान हलवली. मास्तर म्हणतील, पोरं भलत्याच विहिरीवर गेली होती. म्हणतील, म्हातारी वेडी आहे.

"आपुन त्यास्नी खोटं पाडायचं न्हाय," ती म्हणाली. "त्यांचं त्यांनीच पडू दे."

शुक्रवारी दुपारी चारला मैदानात सामानाची तपासणी होती. बत्तीस पोरं रांगेत, प्रत्येकापुढं घोंगडी पसरलेली, तिच्यावर भाकरी, काठी, लोटा. हेडमास्तर एकेक लोटा उलटा करून बघत होते. टेंभुर्णीकर मास्तर छाती काढून मागून चालले होते. तंबू पोचवायला आलेली सुंदरम्मा कुंपणाशी रेंगाळत होती. हेडमास्तर हिंदुरावापुढं आले, पाण्याची काय तयारी म्हणून त्यांनी विचारलं, आणि हिंदुराव ताठ उभा राहिला.

"सर, घागरी हाळाजवळ मांडायच्या आहेत. मास्तर, हाळ विहिरीच्या कुठल्या अंगाला आहे?"

"उगवतीला," मास्तर क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

"केवढा आहे? आठ घागरींचं पाणी मावेल?"

"आठ? अरे, म्हैस डुंबेल एवढा आहे."

पोरं हसली. हिंदुराव हसला नाही. तो हेडमास्तरांकडे वळला.

"सर, तिथं हाळ नाही. वडही नाही. आम्ही काल जाऊन आलो. ती नारूची विहीर आहे."

 मास्तरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "थापा मारतो आहे हा," ते ओरडले. "त्या माणसानं मला स्वतः सांगितलं, हाळाची विहीर म्हणून!"

"कुठल्या माणसानं?" हेडमास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "तुम्ही तर स्वतः जाऊन पाहून आला होता."

मग काही उरलंच नाही. मास्तरांनी खाली बघत बघत सगळं कबूल केलं. सोमवारी बाजारात त्यांनी तिकडच्या एका गाडीवानाला गाठलं होतं. विहीर आहे का म्हणून विचारलं, तो कानडीत म्हणाला, "हाळु बावि अद." मास्तर टेंभुर्णीचे. त्यांनाही हाळ म्हणजे हौदच ठाऊक. त्यांनी लिहून टाकलं, आणि कागद बरा दिसावा म्हणून समोर एक वडही लावला. हाळु म्हणजे काय ते बिरप्पानं हेडमास्तरांना सांगितलं, चंद्रव्वाचा पाय सांगितला, सात घरं सांगितली, हिंदुरावाच्या शेजारची मुलगी आणि तिच्या मामाची गाडीही सांगितली. एरवी वर्गात तोंड न उघडणारा बिरप्पा सलग एवढं बोलला, याचंच पोरांना नवल वाटलं.

"सर, शब्दाला मीही फसलो," हिंदुराव मध्येच म्हणाला. त्याला ते मनात ठेववेना. "माझ्या ओंजळीत पाणी होतं. बिरप्पा नसता तर मी प्यायलो असतो."

 हेडमास्तर मास्तरांकडे वळले.

"शब्द कुणाचाही चुकतो, टेंभुर्णीकर. पोराचाही चुकला. पण पोरगा तिथं जाऊन चुकला, म्हणून वाचला. तुम्ही गेलाच नाहीत." एवढं बोलून त्यांनी हिंदुरावाच्या आणि बिरप्पाच्या खांद्यावर हात ठेवले. "बत्तीस आयांना मी शब्द दिला होता. तो तुम्ही राखलात." मग कुंपणाकडे बघून ते म्हणाले, "आणि ती मुलगी कोण? तीही गेली होती ना? उद्या पाण्याची गाडी कुणाची सांगायची ते तिलाच विचारा. मामाबरोबर गाडीवर तीही येऊ दे."

 सुंदरम्मा तंबूची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिली.

---

शनिवारी दोन पिंपं घेऊन नरसय्यामामाची गाडी पथकाबरोबर निघाली. तंबू रहाटाच्या विहिरीशेजारी लागले. पोरांनी पहिलं काम केलं ते माळावरच्या काट्या तोडून टाकलेल्या विहिरीच्या पायऱ्या वरपर्यंत भरण्याचं. टेंभुर्णीकर मास्तरांनी सगळ्यांत जास्त काट्या ओढल्या. त्यांच्या हाताला रक्त आलं, पण ते ओढत राहिले.

सूर्य मावळतीला टेकला तेव्हा चंद्रव्वा आली. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. तिनं बत्तीस पोरांवरून नजर फिरवली, हिंदुरावासमोर येऊन थांबली आणि त्याच्या दोन्ही गालांवरून खरखरीत हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मग ती बिरप्पाशी काहीतरी बोलली आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"काय म्हणते?" हेडमास्तरांनी विचारलं.

"तिची लेक पलीकडच्या गावात हाय," बिरप्पा म्हणाला. "बाळंत होऊन दीड म्हयना झाला. हिनं नातू अजून बगितला न्हाय. हितं दुसरं कोण बसणारं न्हवतं म्हणून गेली न्हाय. म्हणती, आज तुमी हायसा. आज रातीला आन् उद्या दुपारपतुर इहीर तुमी राखशीला का? तर ती जाऊन येती."

  हिंदुरावानं जोरानं मान डोलावली. चंद्रव्वानं हातातली काठी त्याच्याकडे दिली आणि पाय ओढत, पण झपाझप, ती लेकीच्या गावाच्या वाटेला लागली.

ती दिसेनाशी झाल्यावर हिंदुरावानं वही काढली आणि राखणीच्या पाळ्या लावल्या, प्रत्येक पाळीला दोघंदोघं. सगळी नावं लिहून झाल्यावर त्यानं यादी मोठ्यानं वाचली. पहिली पाळी त्यानं स्वतःची आणि टेंभुर्णीकर मास्तरांची लावली होती. पोरांनी श्वास रोखून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठले, त्यांनी पिंपातून लोटाभर पाणी घेतलं आणि हिंदुरावाच्या बरोबरीनं ते विहिरीकडे चालू लागले.